लॅटिनो विद्यार्थी माहितीसत्राला येतात, पण विमानात बसत नाहीत: नेमकं अडतं कुठं?

प्रश्न असा आहे: "मी मूळची पुण्याची. टेक्सासच्या सीमाभागातल्या एका सरकारी विद्यापीठात परदेशी सत्रांचं, म्हणजे विद्यार्थ्यांना एखादं सत्र परदेशात शिकायला पाठवण्याचं, काम बघणाऱ्या ऑफिसात नुकतीच सल्लागार म्हणून लागले आहे. इथले बहुसंख्य विद्यार्थी लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, त्यातही मेक्सिकन घरांतले. माहितीसत्राला खोली भरते, मुलं ऑनलाइन अर्जही सुरू करतात, पण कार्यक्रमाची अनामत भरायची वेळ आली की एकेक जण गायब होतो. ऑफिसात सगळे म्हणतात, ‘यांच्या घरचे सोडत नाहीत.’ हे खरं आहे का, आणि मी नेमकं काय करू?"

मी कॅलिफोर्नियात हेच काम करते. आमच्याकडचे विद्यार्थीही बहुतांश लॅटिनो, आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेले. "घरचे सोडत नाहीत" हे मीही पहिल्या दिवसापासून ऐकत आले आहे. त्यात तथ्य आहे, पण चवीपुरतं. मुलं गळतात ती मुख्यतः पैसे चुकीच्या वेळी हातात येतात म्हणून. आणि ते वेळापत्रक त्यांच्या आईबापांनी ठरवलेलं नसतं, आपण ठरवलेलं असतं.

ऑफिसातल्या मंडळींसमोर एक साधं गणित मांडा. आमच्याकडची बहुतेक मुलं शिकता शिकता नोकरी करतात: गोदामात, टाको विकणाऱ्या दुकानात, दवाखान्याच्या काउंटरवर. आठवड्याला वीस तास धरा. कॅलिफोर्नियात २०२५ सालचं किमान वेतन तासाला १६.५० डॉलर. म्हणजे आठवड्याला ३३० आणि सोळा आठवड्यांच्या सत्राला ५,२८० डॉलर. ही झाली परदेशी गेल्यामुळं बुडणारी कमाई. विमानाचं तिकीट, राहणं, खाणं अजून यात आलेलंच नाही. आता गिलमन शिष्यवृत्ती बघा. गरजू विद्यार्थ्यांना परदेशी सत्रासाठी मिळणारी ही मुख्य सरकारी शिष्यवृत्ती, आणि ठरावीक भाषांसाठीची जादा रक्कम सोडली तर तिची कमाल ५,००० डॉलर. म्हणजे ही शिष्यवृत्ती पूर्ण मिळाली तरी बुडालेला पगारसुद्धा भरून निघत नाही. टेक्सासात मजुरीचे दर कमी आहेत, आकडे बदलतील, पण गणित तेच राहील. शिवाय त्या पगारातून घरचं फोनबिल जातं, गाडीचा हप्ता जातो, कधी भाड्याचा वाटाही जातो. कॅम्पसवरची वर्क-स्टडीची, म्हणजे आर्थिक मदतीचा भाग म्हणून मिळालेली, नोकरी असेल तर ती सहसा परदेशी सोबत नेता येत नाही. आपल्या माहितीपत्रकांत "एकूण खर्च" नावाचा जो तक्ता असतो त्यात बुडालेल्या पगाराची ओळ कुठंच नसते. ती घाला. मुलांना कळतं की समोर बसलेल्या बाईला आपलं घर कळतं.

आता वेळापत्रक. पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न फेडायची केंद्र सरकारची मदत) आणि फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज हे परदेशी सत्रासाठी वापरता येतं, फक्त त्या अभ्यासक्रमाचे क्रेडिट आपल्या विद्यापीठानं मान्य केलेले हवेत. पेलची कमाल रक्कम २०२५-२६ साठी वर्षाला ७,३९५ डॉलर आहे. बऱ्याच मुलांना वाटतं, परदेशी गेलो की ही मदत बंद होते. तसं नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा. पण खरी गोची पुढं आहे. नियमानुसार ही मदत सत्र सुरू होण्याच्या फार तर दहा दिवस आधी खात्यात येऊ शकते. स्प्रिंगचं सत्र जानेवारीत सुरू होणार असेल, तर अनामत ऑक्टोबरात, पासपोर्ट त्याआधी, व्हिसाची फी नोव्हेंबरात आणि तिकीट डिसेंबरात. हे सगळे पैसे मदत येण्याच्या आधी लागतात. ज्या घरात बापाच्या क्रेडिट कार्डावर दोन-तीन हजार चार महिने सहज बसतात, तिथं ही अडचण कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या विद्यार्थ्यांच्या घरी तसं कार्ड नसतं, किंवा असलं तर ते आधीच भरलेलं असतं.

म्हणून माझ्या मते तुमच्या नोकरीतलं पहिल्या वर्षाचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे आर्थिक मदत विभागातला एक माणूस गाठणं. विभाग नव्हे, माणूस. त्याच्याशी तीन गोष्टी ठरवून घ्या. पहिली, परदेशी सत्राचं अधिकृत खर्चाचं अंदाजपत्रक. कायद्यानं विद्यार्थ्याच्या खर्चाची मर्यादा परदेशी सत्रासाठी वाजवी प्रमाणात वाढवता येते, पण ती कुणीतरी अर्ज करून वाढवून घ्यावी लागते. दुसरी, अनामत पुढं ढकलणं. परदेशी कार्यक्रम चालवणाऱ्या बऱ्याच संस्था, विद्यार्थ्याला अमुक इतकी मदत मंजूर आहे असं विद्यापीठाच्या सहीशिक्क्याचं पत्र मिळालं, की पैसे येईपर्यंत थांबतात. हा फॉर्म त्यांच्याकडं तयार असतो, मागितल्याशिवाय मात्र कुणी देत नाही. तिसरी, तिकिटासाठी उचल. विद्यापीठानं आपल्या खात्यावरून तिकीट काढायचं आणि जानेवारीत मदत आली की वळतं करून घ्यायचं. यावर लेखा विभाग कुरकुर करतो, बैठका होतात, कुणीतरी "बुडवली तर?" असं विचारतं. मदत विद्यापीठाच्याच खात्यातून जाते, बुडणार कशी, हे शांतपणे सांगत राहायचं.

याच टेबलावर आणखी एक गोष्ट बघून घ्या. पेल ग्रँट जन्मात जास्तीत जास्त बारा सत्रांइतकीच मिळते. परदेशी घेतलेले विषय पदवीत मोजले गेले नाहीत तर त्यातलं एक सत्र फुकट गेलं. कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातून) बदली होऊन आलेल्या मुलांची काही सत्रं तिथंच खर्च झालेली असतात. त्यांच्यासाठी हा मुद्दा जीवघेणा आहे. "ऐच्छिक क्रेडिट मिळतील" या उत्तरावर समाधान मानू नका. कुठला विषय पदवीच्या कुठल्या रकान्यात बसणार, हे विभागप्रमुखाकडून लेखी घ्या, निघण्याआधी.

गिलमनबद्दल थोडं. ही शिष्यवृत्ती न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य बेंजामिन गिलमन यांच्या नावानं, २००० सालच्या कायद्यानं सुरू झाली. पेल ग्रँट मिळणारे अमेरिकन नागरिक हिला पात्र, म्हणजे तुमचे निम्मे विद्यार्थी तरी असतीलच. शिफारसपत्रं लागत नाहीत. निबंध लागतात, आणि परत आल्यावर इतरांना या शिष्यवृत्तीची ओळख होईल असा एक उपक्रम करावा लागतो. हिंदी, अरबी, चिनी अशा ठरावीक भाषा शिकणाऱ्याला वर ३,००० डॉलरपर्यंत जादा मिळू शकतात. अर्ज परदेशी ऑफिस आणि आर्थिक मदत विभाग या दोघांनी ऑनलाइन प्रमाणित करावा लागतो, आणि चांगले लिहिलेले अर्ज इथं लटकतात. मुदतीच्या आठवड्यात तुम्ही सुट्टीवर असू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

निबंधांबाबत माझं एक ठाम मत आहे आणि सहकाऱ्यांना ते नेहमी पटत नाही. मुलांना घरच्या हालअपेष्टा लिहायला लावू नका. आई द्राक्षबागेत राबते, बाप रात्रपाळी करतो, हे त्यांनी कॉलेजच्या प्रवेशापासून इतक्या वेळा लिहिलेलं असतं की त्यांना स्वतःचाच वीट आलेला असतो. त्याऐवजी विचारा, हाच देश का, हाच विषय का, परत आल्यावर काय करणार. आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोकडची एक मुलगी शेतीच्या पाण्यावर काम करायला स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला निघाली होती. पहिल्या मसुद्यात अडीच परिच्छेद आजोबांच्या स्थलांतरावर आणि पाण्यावर एक ओळ. आम्ही ते उलटं केलं. व्हॅलेन्सियात पाण्याचे तंटे सोडवणारं शेतकऱ्यांचं न्यायालय दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी उघड्यावर भरतं, आणि ही प्रथा शतकानुशतकं चालू आहे. ते तिला प्रत्यक्ष बघायचं होतं आणि आपल्या खोऱ्यातल्या पाटबंधारे मंडळांशी ताडून बघायचं होतं. आजोबा शेवटी दोन ओळींत आले, आणि त्या दोन ओळींना वजन आलं.

आता पासपोर्ट. पहिल्यांदा काढणाऱ्या प्रौढाला १३० डॉलर फी आणि ३५ डॉलर अर्ज स्वीकारण्याचे, असे १६५ डॉलर लागतात. ही रक्कम विद्यापीठानं भरावी. एवढ्या कमी पैशांत एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. हातात पासपोर्ट आला की मुलगा परदेशाचा विचार "कधीतरी"वरून "कधी"वर आणतो. पण तुमच्या सीमाभागात पासपोर्टाची एक वेगळी भानगड आहे, ती माहीत असू द्या. तिथं पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातून होत आली. काही सुईणींनी मेक्सिकोत जन्मलेल्या मुलांच्या नोंदी टेक्सासात केल्याची प्रकरणं निघाली, आणि मग सुईणीच्या हातून जन्मलेल्या सगळ्यांकडंच परराष्ट्र खातं संशयानं बघू लागलं. खरेखुरे अमेरिकन नागरिक पासपोर्टासाठी शाळेचे दाखले, बाप्तिस्म्याची नोंद, आईच्या गरोदरपणातल्या तपासण्यांचे कागद गोळा करत बसले. यावर २००८ मध्ये सामूहिक दावा झाला आणि २००९ मध्ये तडजोड झाली, तरी त्रास पुरता संपला नाही. जन्मदाखल्यावर दवाखान्याऐवजी सुईणीचं नाव असेल, किंवा जन्माची नोंद उशिरा झालेली असेल, तर त्या विद्यार्थ्याला सहा-आठ महिने आधी अर्ज करायला सांगा आणि कायद्याची मदत कुठं मिळेल तेही सांगा.

नावांचंही बघा. लॅटिनो घरांत बापाचं आणि आईचं अशी दोन आडनावं असतात. जन्मदाखल्यावर दोन, लायसन्सवर एक, विद्यापीठाच्या नोंदीत मधेच जोडरेघ. वडिलांचं नाव मधल्या नावाच्या रकान्यात कोंबून अमेरिकेत आलेल्या आपल्या लोकांना यातली गंमत समजावून सांगायला नको. तिकीट, व्हिसा आणि शिष्यवृत्ती या तिन्हींवर पासपोर्टावरचंच नाव, अक्षर न अक्षर.

मग व्हिसा. स्पेनला सत्रभर जायचं तर टेक्सासवाल्यांना स्पेनच्या वकिलातीच्या कामासाठी ह्यूस्टनची वाट धरावी लागते. सीमाभागातून हा कित्येक तासांचा प्रवास आहे, आणि वाटेत फाल्फुरियस किंवा सरिता यांसारख्या ठिकाणी सीमा गस्तीदलाचे कागद तपासणारे नाके लागतात. मुलगी स्वतः अमेरिकेत जन्मलेली, नागरिक. पण आईबापांकडं अमेरिकेत राहण्याचे कागद नाहीत. ते तिला गाडीनं ह्यूस्टनला नेऊ शकत नाहीत. नाक्यावर थांबवलं तर मुलीचा व्हिसा राहील बाजूला. ती हे तुम्हाला सांगणार नाही. ती फक्त अपॉइंटमेंट चुकवेल, आणि तुमच्या नोंदीत लिहिलं जाईल, "विद्यार्थिनीनं रस दाखवला नाही". यावर उपाय अगदी साधा आहे: विद्यापीठाची व्हॅन काढा, स्पेनला जाणाऱ्या सगळ्यांना एकत्र ह्यूस्टनला न्या. कुणी का येतंय ते विचारू नका. मात्र व्हॅनमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाकडं स्वतःचे कागद आहेत ना, हे आधी सर्वांना एकदम, कुणाकडं बोट न दाखवता सांगा.

अशा मिश्र घरांची संख्या तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त असते. वकिलातीला पालकांचं बँक स्टेटमेंट हवं असतं, पालकांची नोटरीसमोर सही हवी असते. कागद नसलेल्या माणसाला यातला प्रत्येक टप्पा धोक्याचा वाटतो. शक्य तिथं पालकांच्या जागी शिष्यवृत्तीचं आणि आर्थिक मदतीचं पत्र चालतं का, ते वकिलातीला आपण विचारायचं. आणि २०२५ च्या जानेवारीत शाळा-चर्चच्या आवारात धरपकड टाळण्याचं जुनं धोरण सरकारनं मागं घेतल्यापासून मुलं एक प्रश्न विचारू लागली आहेत, तो ऐकून घ्यायची तयारी ठेवा: मी तिकडं असताना इकडं आईला उचललं तर? याला गुळमुळीत उत्तर चालत नाही. तिकीट बदलण्याची सोय, सत्र अर्धवट सोडल्यास पैशांचं आणि क्रेडिटचं काय, धाकट्या भावंडांचा ताबा कुणाकडं, वकिलाचा फोन नंबर कुणाकडं. निघण्याआधी हे कागदावर उतरवून ठेवलेलं असलं की मुलं जातात. न उतरवता "काही होणार नाही गं" म्हटलं की राहतात, आणि बरोबरच करतात.

ज्यांच्याकडं स्वतःचेच कागद नाहीत त्यांच्याबद्दल फार जपून. २०१२ च्या जूनमध्ये ओबामा सरकारनं आणलेली डाका ही हद्दपारी टाळणारी सवलत लहानपणी अमेरिकेत आणलेल्यांसाठी आहे, पण १५ जून २००७ पासून सलग इथं राहिल्याची अट आहे. म्हणजे आज पहिल्या वर्षात येणारी अठरा-एकोणीस वर्षांची बहुतेक मुलं तिच्यात बसतच नाहीत. शिवाय २०२१ च्या जुलैमध्ये टेक्सासमधल्याच एका फेडरल न्यायालयानं दिलेल्या आदेशापासून नवे अर्ज अडकून पडले आहेत. ज्यांच्याकडं डाका आहे त्यांना "अ‍ॅडव्हान्स पॅरोल" (जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) घेऊन शिक्षणासाठी बाहेर जाता येतं. ही वाट २०१७ च्या सप्टेंबरात बंद झाली आणि २०२० च्या डिसेंबरात कोर्टाच्या आदेशानं पुन्हा उघडली. परवानगी घेऊन गेलेला माणूस बेकायदा वास्तव्यामुळं येणाऱ्या दहा वर्षांच्या बंदीत सापडत नाही, हे २०१२ मध्ये इमिग्रेशन अपील मंडळानं ज्या खटल्यात ठरवलं, त्याचं नाव अर्राबल्ली आणि येर्राबेल्ली. म्हातारे आईवडील बघायला भारतात जाऊन आलेल्या एका भारतीय जोडप्याचा तो खटला. आज त्याचा आधार मेक्सिकन मुलं घेतात. लाँग बीचच्या कॅलिफोर्निया-मेक्सिको स्टडीज सेंटरनं याच वाटेनं डाकाधारक तरुणांना मेक्सिकोला अभ्यासासाठी नेलं होतं.

पण परवानगी हातात असली तरी परतताना विमानतळावरचा अधिकारी आत घेईलच याची हमी नसते, आणि पूर्वी कधी हद्दपारीचा आदेश निघाला असेल तर प्रकरण फारच गंभीर होतं. तुम्ही वकील नाही, मीही नाही. "जा" असंही म्हणायचं नाही, "जाऊ नको" असंही नाही. इमिग्रेशनच्या खऱ्या वकिलाकडं पाठवा, आणि "नोटारिओ" अशी पाटी लावून बसलेल्यांपासून सावध करा. लॅटिन अमेरिकेत नोटारिओ म्हणजे मोठा कायदेतज्ज्ञ, अमेरिकेतला नोटरी फक्त शिक्का मारतो; या फरकावर फसवणुकीचा मोठा धंदा चालतो. पोर्तो रिको देशातच आहे, तिथं तरी जाऊ दे, असं कुणी सुचवेल. तिथल्या विमानतळांवर सीमा-अधिकारी असतात. कागद नसलेल्यासाठी ती सहल सुरक्षित नाही. अशा मुलांना दुसऱ्या देशातल्या वर्गाबरोबर ऑनलाइन एकत्र शिकवला जाणारा विषय द्या, आणि तो खरा, क्रेडिटचा द्या. ग्रीन कार्डवाल्यांचा प्रश्न वेगळा: त्यांचा पासपोर्ट मूळ देशाचा, म्हणून व्हिसाचे नियमही त्या देशाच्या नागरिकांसाठीचेच लागू होतात. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर नागरिकत्वाच्या अर्जाला खोडा बसू शकतो. हे दर वेळी सांगावंच लागतं.

आता येऊ घरच्यांकडं, कारण तुमचा मूळ प्रश्न तो होता. आपल्याकडं पोरगं एमएसला जायचं म्हटलं की फ्लॅट तारण ठेवतात, मामा-काका विमानतळावर पोचवायला येतात. कारण त्यातून पदवी मिळते, नोकरी मिळते, तो अख्ख्या घराचा प्रकल्प असतो. इथल्या आईबापांना चार महिन्यांच्या परदेशी सत्राचा हा हिशोब कुणी मांडूनच दाखवलेला नसतो. त्यांनी स्वतः एक सीमा ओलांडलेली असते, ती मुलं इथं राहावीत म्हणून. ज्या गावातून ते जीव घेऊन निघाले त्या देशात आपण त्यांच्या मुलीला "अनुभव" घ्यायला पाठवतो आहोत; त्यांना चक्रावल्यासारखं होणारच. त्यात सीमेपलीकडच्या तामाउलिपास राज्याबद्दल परराष्ट्र खात्याचा इशारा "प्रवास करू नका" या सर्वोच्च पातळीचा असल्यानं विद्यापीठ तिथं कार्यक्रम करूच देत नाही. पण हीच मुलं रविवारी आजीला भेटायला आणि दात दाखवायला पूल ओलांडून त्याच राज्यातल्या रेनोसाला जाऊन येतात.

"तू आता सज्ञान आहेस, निर्णय तुझा" हे अमेरिकन सल्लागाराचं आवडतं वाक्य इथं वापरू नका. त्यानं मुलगी एकटी पडते. पालकांची बैठक घ्या: शनिवारी दुपारी किंवा रविवारी चर्चमधल्या मिसनंतर, पूर्ण स्पॅनिशमध्ये, जेवणासकट, धाकट्यांना सोबत आणू देऊन. स्पॅनिशमध्ये म्हणजे इंग्रजी भाषणाचं कानात भाषांतर नव्हे. ऑफिसात कुणाला स्पॅनिश येत नसेल तर आधी जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांच्या आयांना बोलवा. त्या आपल्यापेक्षा दसपट परिणामकारक असतात. अशाच एका बैठकीत रात्री ऑफिसं झाडणाऱ्या एका आईनं विचारलं होतं, हिला ताप आला तर सूप कोण करून देणार? आमच्या सहकाऱ्यानं विम्याची पॉलिसी समजावायला घेतली, किती लाखांचं कव्हर वगैरे. बाई मान हलवत राहिल्या, समाधान काही झालं नाही. मग मागच्या वर्षी त्याच गावात राहून आलेली मुलगी उठली आणि म्हणाली, मी ज्या सेन्योराकडं (घरमालकीणबाईंकडं) राहत होते ती करून देते, तिचा नंबर माझ्याकडं आहे, आत्ता लावू का? व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लागला. दोन बायका पंधरा मिनिटं बोलल्या. संमती तिथंच मिळाली. आईबापांना धोरण नको असतं, माणसाचं नाव आणि चेहरा हवा असतो. तेवढी तजवीज आधीच करून ठेवा. एक तांत्रिक बाब: विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवणाऱ्या १९७४ च्या फेर्पा कायद्यामुळं विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय तुम्ही सहसा पालकांशी त्याच्या नोंदींबद्दल बोलू शकत नाही. तो फॉर्म अर्जाबरोबरच भरून घ्या.

मुलगे कमी येतात, हेही दिसेल. देशभर परदेशी सत्राला जाणाऱ्यांत दोनतृतीयांश मुली असतात. लॅटिनो घरांत मुलग्याचा पगार बंद होणं घराला जास्त टोचतं असं माझं निरीक्षण आहे. त्यांच्यासाठी उन्हाळ्यातले चार-सहा आठवड्यांचे कार्यक्रम आणि पगारी इंटर्नशिप हे सत्रापेक्षा चांगलं चालतं.

कुठं पाठवायचं, यावर मुलांच्या आडनावावरून अंदाज बांधू नका. गार्सिया म्हटलं की लोक मेक्सिको किंवा माद्रिदचं पत्रक पुढं करतात. तिला सोल हवं असतं, क्योतो हवं असतं. काहींना स्पॅनिश येत नाही आणि त्याची खोल लाज असते. आईबापांना शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून मार पडला होता, त्यांनी मुलांना ती शिकवलीच नाही. ज्यांना येते ते स्पेनला गेल्यावर वेगळाच झटका खातात. घरात अस्खलित बोलणारी मुलगी लेखी परीक्षेत स्वराघातांच्या खुणा चुकवते, आणि शून्यातून शिकणाऱ्यांच्या वर्गात जाऊन बसते. परदेशी संस्थेला आधीच कळवा की हिची तोंडी परीक्षा घ्या. शिवाय तिकडं लॅटिन अमेरिकी स्थलांतरितांना हिणवायला "सुदाका" हा शब्द आहे. तो तिच्या कानावर पडू शकतो, आणि पोलिस गर्दीतून तिलाच ओळखपत्र मागू शकतात, शेजारच्या सोनेरी केसांच्या मैत्रिणीला नाही. निघण्याआधीच्या सत्रात हे स्पष्ट बोला, आणि असं झालं तर तिकडं कुणाला फोन करायचा ते सांगा. दुसरी बाजूही घडते. आयुष्यभर "तू मूळची कुठली" हा प्रश्न झेलणारी मुलगी तिकडं पहिल्यांदा नुसती "अमेरिकन" ठरते, आणि ते तिला आवडतं की नाही हे तिलाच ठरवता येत नाही.

तुम्ही पुण्याच्या, म्हणून एक सांगते. आमची एक मेक्सिकन मुलगी पुण्यात सत्र करून आली. तिच्या बॅचमधल्या गोऱ्या मुलांना फर्ग्युसन रस्त्यावर प्रत्येक जण पाहुणा म्हणून वागवायचा. हिच्याशी रिक्षावाले थेट मराठीत बोलायचे, कार्ल्याच्या लेण्यांवर तिला न विचारता भारतीयांचं तिकीट मिळालं, आणि कार्यक्रमाच्या फोटोंत मात्र "हे आमचे विदेशी विद्यार्थी" म्हणताना तिला कडेला उभं केलं. पहिला महिना तिला मजा वाटली, दुसऱ्या महिन्यात ती चिडली. आमच्या तयारीच्या सत्रात "भारतात लोक तुमच्याकडं टक लावून बघतील" असं सांगितलं जायचं. तिच्याकडं कुणी बघतच नव्हतं. ते सत्र गोऱ्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं होतं. तुमच्या ऑफिसातली तयारीच्या सगळ्या स्लाइड्स एकदा या नजरेनं तपासा.

टेक्सासचं म्हणून शेवटचं. एसबी १७ हा राज्याचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे, त्यामुळं सरकारी विद्यापीठात वंशाच्या आधारावर वेगळी शिष्यवृत्ती किंवा वेगळा कार्यक्रम काढता येणार नाही. विद्यापीठाच्या वकिलांना विचारूनच पुढं जा. पण वर मी सांगितलेल्यातलं जवळजवळ काहीच वंशावर अवलंबून नाही. पेल मिळणारे, घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेले, घरून ये-जा करणारे, बदली होऊन आलेले, आठवड्याला पंधरा तासांहून जास्त काम करणारे: हे निकष सगळ्यांना खुले ठेवा. तुमच्या कॅम्पसवर त्यात आपसूक कोण येणार, ते दिसतंच आहे. ज्यांचे चतुर्थांश किंवा जास्त विद्यार्थी हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक वारशाचे) आहेत अशा संस्थांसाठीचा फेडरल निधीही २०२५ च्या सप्टेंबरात शिक्षण खात्यानं बऱ्याच अंशी थांबवला, त्यामुळं त्या पैशांवर नवी योजना बेतू नका. माजी विद्यार्थ्यांकडं जा. पासपोर्टाचे १६५ डॉलर एका माणसाला सहज देता येतात, आणि लोक देतात.

आणि ऑफिसातल्यांशी वाद घालत बसण्यापेक्षा या आठवड्यात दोन याद्या काढा. गेल्या वर्षी अर्ज सुरू करून सोडून दिलेल्यांची एक, तारखेसकट. आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या अनामतीच्या मुदतीची दुसरी. शेजारी ठेवून बघा गळती कुठल्या तारखेला आहे. मग त्या मुलांना ईमेल नको, फोन करा, रात्री नऊनंतर. त्याआधी ती कामावर असतात.